एकच जहाज, दोन अहवाल, ८ डेसिबलचा फरक: पाण्याखालचा आवाज मोजताना आणि वर्तवताना

प्रश्न असा आहे: एका मालवाहू जहाजाचे आवाज-मोजणीचे दोन अहवाल हाताशी आहेत. ६३ हर्ट्झच्या बँडमध्ये (वारंवारतेच्या पट्ट्यात) दोघांत ८ डेसिबलचा फरक आहे. खरा कोणता धरायचा? आणि त्याच धर्तीच्या पुढच्या जहाजाचा आवाज बांधणीआधीच सांगायचा असेल तर कशाच्या आधारावर?

दोन्ही अहवाल खरे असू शकतात. समजा, पहिली मोजणी भरलेल्या जहाजाची आहे, ड्राफ्ट (जहाज पाण्यात बुडते ती खोली) १० मीटर, वेग १४ नॉट. दुसरी रिकाम्या, बॅलास्ट (मालाऐवजी तोलासाठी पाणी भरलेल्या) अवस्थेतली, ड्राफ्ट ५ मीटर, वेग १२ नॉट. कॅव्हिटेशन (पात्यांवर दाब घटून बाष्पाचे बुडबुडे तयार होऊन फुटणे) सुरू असलेल्या स्थिर-पिच (पात्यांचा कोन न बदलणाऱ्या) प्रोपेलरचा आवाज साधारणपणे वेगाच्या सहाव्या घातानुसार वाढतो, म्हणजे ६० लॉग (१४/१२), सुमारे ४ डेसिबल. प्रोपेलर पृष्ठभागाच्या जवळ आला की पाण्याच्या पृष्ठभागावरून उलटून येणारी लहर मूळ लहरीला जास्त खोडते. ६३ हर्ट्झला, या दोन ड्राफ्टमध्ये, त्याचा परिणाम पुन्हा सुमारे ४ डेसिबल. झाले ८. मोजणाऱ्या दोघांपैकी कोणाचीही चूक नाही. म्हणून अहवाल उघडल्यावर आकड्याआधी त्याच्या अटी वाचाव्यात. अटी लिहिलेल्या नसतील तर तो आकडा अंदाजासाठी वापरू नये, मग उपकरणे कितीही महागडी असोत.

आकडा नेमका कशाचा?

पाण्यातला संदर्भदाब १ मायक्रोपास्कल, हवेतला २० मायक्रोपास्कल. नुसत्या या निवडीमुळे २६ डेसिबलचा फरक पडतो. त्यात पाणी आणि हवा यांच्या ध्वनिरोधातला (घनता गुणिले ध्वनिवेग) फरक मिळवला की समान तीव्रतेसाठी एकूण अंतर सुमारे ६२ डेसिबल होते. त्यामुळे जहाजाच्या १७५ डेसिबलची तुलना विमानाच्या आवाजाशी करणारी वाक्ये निरर्थक असतात.

त्याहून जास्त घोटाळा बँडच्या रुंदीमुळे होतो. जहाजांचे आकडे बहुतेक वेळा एक-तृतीयांश ऑक्टेव्ह (डेसिडिकेड) बँडमध्ये देतात, पण काही मर्यादा दर हर्ट्झच्या वर्णपटीय घनतेत, म्हणजे १ हर्ट्झ रुंदीला किती या रूपात, आहेत. मत्स्यसंशोधन जहाजांसाठीची १९९५ची आयसीईएस (समुद्रसंशोधनाची आंतरराष्ट्रीय परिषद) २०९ ही मर्यादा ११ नॉटपर्यंतच्या वेगासाठी आहे आणि ती घनतेतच लिहिलेली आहे. ६३ हर्ट्झचा बँड सुमारे १४.५ हर्ट्झ रुंद असतो, म्हणजे दोन रूपांत ११.६ डेसिबलचा फरक. एका अहवालाचा आलेख दुसऱ्याच्या मर्यादारेषेवर टाकून ‘जहाज नापास’ किंवा ‘जहाज उत्तम’ असा निष्कर्ष काढण्याआधी उभ्या अक्षाचे एकक तपासा.

तिसरा भेद सर्वांत महत्त्वाचा. आयएसओ १७२०८-१ (२०१६) या आंतरराष्ट्रीय मानकानुसार मिळते ती विकिरित आवाजपातळी, आरएनएल (रेडिएटेड नॉइज लेव्हल): मोजलेली दाबपातळी अधिक २० लॉग (अंतर मीटरमध्ये). यात पृष्ठभागाचा परिणाम तसाच राहतो. आयएसओ १७२०८-२ (२०१९) हा परिणाम काढून स्रोतपातळी देते. त्यासाठी ध्वनिस्रोत ड्राफ्टच्या ०.७ पट खोलीवर आहे असे मानतात. वर उल्लेख केलेल्या १० मीटर ड्राफ्टच्या जहाजासाठी ही दुरुस्ती १० हर्ट्झला सुमारे +११ डेसिबल, २० हर्ट्झला +५, ५० हर्ट्झला −२ आणि उच्च वारंवारतेला −३ अशी येते. म्हणजे दोन राशींतला फरक सर्व बँडमध्ये सारखा नाही, चिन्हही बदलते. ‘१ मीटरवरची पातळी’ एवढेच लिहिलेले असेल तर दोनांपैकी काय ते विचारून घ्यावेच लागते.

मोजणीची मांडणी

खोल पाण्यातली पद्धत अशी: पाण्याची खोली किमान १५० मीटर किंवा जहाजाच्या लांबीच्या दीडपट, यातले जे जास्त ते. जहाज हायड्रोफोनजवळून (पाण्याखालच्या मायक्रोफोनजवळून) सर्वांत कमी अंतराने जाते तो बिंदू १०० मीटर किंवा जहाजाची एक लांबी, यातले जे मोठे त्या अंतरावर. तीन हायड्रोफोन एकाच दोरीवर, पृष्ठभागापासून १५, ३० आणि ४५ अंशांच्या कोनात. १०० मीटर अंतरासाठी या खोल्या सुमारे २७, ५८ आणि १०० मीटर येतात. तीनच का? पृष्ठभागाच्या परावर्तनामुळे प्रत्येक कोनात काही वारंवारता खोडल्या जातात, काही वाढतात. तीन कोनांची ऊर्जा-सरासरी घेतली की हे खड्डे-उंचवटे बरेचसे सपाट होतात. एकाच हायड्रोफोनच्या वर्णपटात दिसलेला खोल खड्डा म्हणजे ‘जहाज त्या वारंवारतेला शांत आहे’ असे कधीही वाचू नये.

दोरी आणि नांगर यांकडे लोक सर्वांत कमी लक्ष देतात, आणि कमी वारंवारतेचे आकडे तिथेच बिघडतात. हायड्रोफोन १ सेंटिमीटर वरखाली झाला तर दाब सुमारे १०० पास्कलने बदलतो, म्हणजे १६० डेसिबल. पृष्ठभागावरच्या बोयाला थेट टांगलेला हायड्रोफोन लाटेबरोबर नाचतो. त्याचा संकेत १ हर्ट्झच्या खाली असला तरी तो प्रीॲम्प्लिफायर भरून टाकतो आणि मग वरच्या बँडमध्येही विकृती येते. उपाय: भार पाण्याखालच्या तरंगकावर घ्यावा, पृष्ठभागाशी जोड लवचिक दोराने ठेवावी आणि डिजिटायझरच्या आधी ॲनालॉग हाय-पास फिल्टर लावावा. दुसरा त्रास केबलच्या थरथरण्याचा. प्रवाहात दोरीमागे भोवरे सुटतात. त्यांची वारंवारता सुमारे ०.२ गुणिले प्रवाहवेग भागिले व्यास. अर्धा मीटर प्रति सेकंद प्रवाह आणि १० मिलिमीटर केबल म्हणजे १० हर्ट्झ, नेमकी प्रोपेलरच्या पात्यांच्या वारंवारतेच्या आसपास. केबलवर झालरी किंवा केसाळ आवरण लावल्याने हे कमी होते. भरती-ओहोटीच्या पालटावर, प्रवाह मंद असताना मोजणी केली तर आणखी चांगले. शॅकल आणि साखळ्या दोरीत नकोतच, धातूवर धातू वाजतो.

कॅलिब्रेशन मोजणीआधी आणि नंतर, दोन्ही वेळा. पिस्टनफोन (ज्ञात दाबाचा आवाज देणारे उपकरण) सहसा २५० हर्ट्झच्या एकाच वारंवारतेला संपूर्ण साखळी तपासतो. बाकी पट्ट्यासाठी हायड्रोफोनचे प्रयोगशाळेतले प्रमाणपत्र लागते. गेन (संकेताची वाढ) किती ठेवला ते प्रत्येक फेरीच्या नोंदीत लिहावे. गेन बदलून तो लिहायला विसरणे ही अगदी नेहमीची चूक आहे, आणि ती बरोबर ६, १० किंवा २० डेसिबलच्या फरकाने ओळखू येते. जहाज सर्वांत जवळ असताना संकेत कापला जात नाही ना, हे लहरीचा आलेख पाहून तपासा, नुसत्या वर्णपटावरून ते कळत नाही.

अंतर जहाजावरच्या जीपीएसने काढतात. पण अँटेना ब्रिजवर असते आणि आवाज निघतो मागच्या टोकाला, प्रोपेलर आणि इंजिनरूमजवळून. मोठ्या जहाजात ब्रिज पुढे असेल तर हे अंतर शंभर मीटरच्या वर जाऊ शकते. ही दुरुस्ती केली नाही तर विश्लेषणाची खिडकीच चुकीच्या जागी उघडते. मूळ अंतरात १० टक्के चूक असेल तर निकालात ०.८ डेसिबलची भर पडते, तेवढे सोसता येते. खिडकी सरकली तर नुकसान जास्त. हायड्रोफोनची दोरी प्रवाहात तिरपी होते, म्हणून प्रत्येक हायड्रोफोनजवळ खोलीमापक असावा.

जहाजावर कोणती नोंद हवी? शाफ्टची फेरे प्रति मिनिट संख्या, शाफ्ट-पॉवर, पिच, पुढचा व मागचा ड्राफ्ट, पाण्यातला वेग, चालू असलेले प्रत्येक जनरेटर आणि मोठे पंप, वारा, लाटा. फेरी सुरू होण्याच्या बऱ्याच आधीपासून वेग आणि दिशा स्थिर हव्यात. ऑटोपायलटची संवेदनशीलता कमी करावी. रडरची हालचाल प्रोपेलरकडे येणारा प्रवाह बिघडवते आणि कॅव्हिटेशन वाढते. प्रत्येक अवस्थेसाठी किमान चार फेऱ्या: दोन डाव्या बाजूने, दोन उजव्या. बाजूंत सातत्याने २-३ डेसिबलचा फरक दिसला तर तो चूक समजून पुसून टाकू नका. एका बाजूला बसवलेला जनरेटर किंवा समुद्राच्या पाण्याचा पंप असे सहज दाखवून देतो.

विश्लेषणाची खिडकी जवळच्या बिंदूच्या दोन्ही बाजूंना ३० अंश. १०० मीटरवर ती ११५ मीटर लांब, १२ नॉटला साधारण १९ सेकंदांची. मदतनीस बोटीचे इंजिन, जनरेटर, एको-साउंडर, सगळे बंद. फेरीआधी आणि नंतर पार्श्वभूमी मोजावी, जहाज पुरेसे दूर असताना. जहाजासह आलेली पातळी पार्श्वभूमीपेक्षा १० डेसिबलहून जास्त असेल तर दुरुस्ती नको. ३ ते १० मध्ये असेल तर ऊर्जेच्या वजाबाकीने दुरुस्ती करा. ३ पेक्षा कमी असेल तर तो बँड अहवालातून वगळा. वगळलेल्या बँडच्या जागी शेजारच्यांवरून रेष ओढून आलेख पुरा करण्याचा मोह होतो. तसे केल्यास पुढे तीच रेष कोणीतरी खरे माप म्हणून वापरतो.

एवढे सगळे पाळूनही एकूण अनिश्चितता २-३ डेसिबलच्या खाली सहसा जात नाही, आणि १०० हर्ट्झखाली ती वाढते. ‘१ डेसिबलने सुधारणा’ असा दावा एका मोजणीवर टिकत नाही.

पाणी उथळ असेल तर

बंदराजवळ १५० मीटर खोली मिळत नाही, ही बहुतेकांची खरी अडचण. उथळ पाण्यात तळावरून येणारे परावर्तन मोजणीत मिसळते आणि २० लॉग (अंतर) हा नियम लागू राहत नाही. शिवाय एका ठराविक वारंवारतेखाली आवाज दूर जातच नाही. २० मीटर खोली, पाण्यात ध्वनिवेग १५०० आणि वाळूच्या तळात १७०० मीटर प्रति सेकंद धरला तर ही सीमा ४० हर्ट्झच्या आसपास येते. अशा ठिकाणी २० हर्ट्झचा बँड दूरवर शांत दिसतो, ते श्रेय जहाजाचे नसते.

येथे दोनच मार्ग आहेत. शक्य तितक्या जवळून मोजा, म्हणजे थेट लहर वरचढ राहील. किंवा तळाचे गुणधर्म घेऊन प्रसारण-ऱ्हास मॉडेलने काढा आणि मोजलेल्या पातळीत तो मिळवून स्रोतपातळी मिळवा. कमी वारंवारतेसाठी नॉर्मल-मोड (क्रॅकन) किंवा पॅराबोलिक समीकरण (रॅम), उच्च वारंवारतेसाठी किरणपद्धत (बेलहॉप) वापरतात. तळाची माहिती अंदाजाने टाकण्याऐवजी ज्ञात पातळीचा प्रक्षेपक पाण्यात सोडून प्रसारण मोजता आले तर तेच करावे. त्या एका दिवसाच्या कामाने पुढचे अनेक वाद मिटतात.

आवाज कोठून येतो ते ओळखणे

अंदाजाकडे जाण्याआधी वर्णपट सोडवून पाहायला हवा, कारण प्रत्येक स्रोत वेगाबरोबर वेगळ्या रीतीने बदलतो. चार पात्यांचा प्रोपेलर १०५ फेऱ्यांवर असेल तर पात्यांची वारंवारता ७ हर्ट्झ, मग १४, २१. सहा सिलिंडरचे चार-स्ट्रोक जनरेटर-इंजिन ९०० फेऱ्यांवर ४५ हर्ट्झला ज्वलन-वारंवारता देते आणि अर्ध्या क्रमांकाची ओळ ७.५ हर्ट्झला. ७ आणि ७.५ वेगळे दिसायचे तर अरुंद-बँड विश्लेषण हवे, डेसिडिकेड बँड त्यासाठी फार रुंद असतात. वेग बदलल्यावर प्रोपेलरच्या ओळी सरकतात, जनरेटरच्या जागेवर राहतात. जनरेटर बदलून एक फेरी केली की शंका उरत नाही.

व्यापारी जहाजांत साधारण ४० ते १०० हर्ट्झमधला रुंद उंचवटा बहुधा कॅव्हिटेशनचा असतो, पात्याच्या पाठीवर पसरलेल्या बुडबुड्यांच्या पडद्याचा आणि टोकाच्या भोवऱ्याचा. कॅव्हिटेशन सुरू होण्याच्या वेगाखाली यंत्रे वरचढ ठरतात. तिथे वेग कमी करून काहीच हाती लागत नाही. नियंत्रित-पिच (पात्यांचा कोन बदलता येणारा) प्रोपेलर स्थिर फेऱ्यांवर चालवून पिच कमी केला तर उलटच घडते: पात्याच्या दाबाच्या बाजूवर कॅव्हिटेशन होते आणि जहाज ८ नॉटला १४ पेक्षा जास्त गोंगाट करू शकते. ‘हळू म्हणजे शांत’ हा नियम अशा जहाजांना लावू नका. काही शे हर्ट्झला एखादी तीक्ष्ण, उंच, एकटी ओळ ठराविक फेऱ्यांनाच उगवत असेल तर प्रोपेलरचे ‘गाणे’ तपासा. पात्याच्या मागच्या कडेचा कोन बदलून ते बंद होते, आणि हा सर्वांत स्वस्त उपायांपैकी एक आहे.

अंदाज: ताफ्याचा वेगळा, एका जहाजाचा वेगळा

सागरी क्षेत्राचा ध्वनी-नकाशा बनवायचा असेल तर जहाजाचा प्रकार, लांबी आणि वेग यांवरून पातळी देणारी सांख्यिकी मॉडेल वापरतात. जुने रँडी हे त्यांतले; २००२चे वेल्स-हाइटमायर मात्र लांबी-वेग न पाहता व्यापारी जहाजांचा एकच सरासरी वर्णपट देते. २०२१मध्ये प्रसिद्ध झालेले जोमोपान्स-एको हे कॅनडातल्या व्हँकुव्हर बंदराच्या एको उपक्रमातल्या मोजण्यांवर बेतलेले आहे: प्रत्येक वर्गाचा मूळ वर्णपट, त्यात ६० लॉग (वेग/संदर्भवेग) आणि २० लॉग (लांबी/संदर्भलांबी). आज सुरुवात करणाऱ्याने हेच घ्यावे. पण एका जहाजासाठी त्याची अनिश्चितता सुमारे ६ डेसिबल आहे. शेकडो जहाजांच्या बेरजेत ती सोसते, एका जहाजाच्या करारात नाही.

अशा नकाशांत तीन गोष्टी हमखास चुकतात. एक, आरएनएल घेऊन ती पृष्ठभाग-परावर्तन आधीच मोजणाऱ्या प्रसारण-मॉडेलमध्ये टाकणे. त्यात पृष्ठभाग दोनदा येतो आणि कमी वारंवारतेचा आवाज खोटा कमी दिसतो. स्रोतपातळीच घ्यावी, आणि ती काढताना जी स्रोतखोली मानली तीच मॉडेलमध्ये द्यावी. दोन, एआयएसचा (जहाजे आपली जागा व वेग आपोआप प्रसारित करतात ती यंत्रणा) वेग जमिनीसापेक्ष असतो, प्रोपेलरला कळतो तो पाण्यातला. १२ नॉट आणि मागून २ नॉटचा प्रवाह असेल तर खरा वेग १०, फरक जवळजवळ ५ डेसिबल. तीन, एआयएसमधला ड्राफ्ट हाताने भरलेला असतो, अनेकदा मागच्या सफरीचा. शिवाय ‘मालवाहू’ या एकाच प्रकारात कंटेनर जहाज आणि बल्कर दोन्ही मोडतात. त्यामुळे आयएमओ (आंतरराष्ट्रीय सागरी संघटना) क्रमांकावरून जहाजाची नोंद शोधून प्रकार निश्चित करावा.

वेग घटवण्याचा फायदा मोजतानाही सावधगिरी हवी. १० टक्के कमी वेगाला पातळी २.७ डेसिबलने घटते, पण जहाज त्या पट्ट्यातून जायला जास्त वेळ घेते. एकूण ध्वनि-उद्भासनातली (पातळी आणि वेळ मिळून पोहोचणाऱ्या आवाजातली) घट २.३ डेसिबल. व्हँकुव्हरजवळच्या हॅरो सामुद्रधुनीत २०१७पासून वेग कमी करण्याचे प्रयोग दक्षिणी निवासी ओर्कांसाठी (तिथल्या किलर व्हेलच्या गटासाठी) झाले. तिथे प्रश्न कमी वारंवारतेपुरता नाही, ओर्का हजारो हर्ट्झमध्ये साद घालतात आणि त्याहून वर प्रतिध्वनीने मासे शोधतात. म्हणून कोणत्या बँडमधली घट मोजायची ते प्राण्यावरून ठरवावे. युरोपीय सागरी निर्देशातले ६३ आणि १२५ हर्ट्झ हे बँड जहाजवाहतुकीचे निदर्शक म्हणून निवडलेले आहेत, प्रत्येक प्राण्याच्या श्रवणाचे नव्हेत.

नव्या जहाजासाठी मात्र रचनेतूनच जावे लागते. यंत्रांचा भाग तुलनेने सरळ आहे: इंजिनच्या पायावरची कंपनपातळी, माउंटमधून (इंजिनखालच्या लवचिक आधारांतून) होणारी घट, आणि पायापासून पाण्यापर्यंतचे संक्रमण-फलन (किती कंपन पाण्यात आवाज बनून पोहोचते ते गुणोत्तर). हे फलन सारख्याच जहाजावर मोजून घेतलेले असेल तर गणना विश्वासार्ह होते. प्रत्यक्षात गणित चुकते ते माउंटला बगल देणाऱ्या वाटांमुळे: कडक जोडलेला थंड पाण्याचा पाइप, धुराड्याचा आधार, केबल-ट्रे, किंवा वाहतुकीसाठी लावलेला आणि न काढलेला बोल्ट. चाचणीआधी प्रत्येक माउंटभोवती हाताने फिरून पाहावे.

कॅव्हिटेशन अवघड. कॅव्हिटेशन बोगद्यातल्या (पाणी फिरवणाऱ्या चाचणी-नळीतल्या) प्रतिकृती-चाचणीत पात्यावरचा पडदा बऱ्यापैकी खरा उतरतो, पण टोकाचा भोवरा रेनॉल्ड्स संख्येवर (आकार, वेग आणि पाण्याचा चिकटपणा यांच्या गुणोत्तरावर) अवलंबून असल्याने खऱ्या जहाजावर बोगद्यापेक्षा लवकर, कमी वेगाला कॅव्हिटेट होतो. ती दुरुस्ती अहवालात दाखवलेली असावी. प्रतिकृतीच्या मागचा प्रवाहही खऱ्यापेक्षा जाड सीमास्तराचा असतो. बोगद्याच्या भिंतींच्या परावर्तनासाठी ज्ञात स्रोताने संक्रमण-फलन काढलेले हवे, आणि प्रोपेलरऐवजी नुसता हब (पाती नसलेला मधला भाग) फिरवून पार्श्वभूमी मोजलेली हवी. सीएफडीमध्ये (संगणकावरच्या प्रवाह-गणनेत) पात्यांच्या पहिल्या काही गुणितांपर्यंतचे उत्तर उपयोगी येते. रुंद-बँड आवाजासाठी साधी रान्स (सरासरी प्रवाहाची) गणना पुरत नाही, कारण जाळी भोवऱ्याचा गाभा विरघळवून टाकते. आणि सांगाड्यावरचे दाबस्पंदन कमी झाले म्हणून दूरचा आवाज कमी होईलच असे नाही. दाबस्पंदन पात्यांच्या कमी गुणितांचे आणि जवळच्या क्षेत्राचे असते. ते घटवण्यासाठी टोकावरचा भार कमी-जास्त करताना भोवरा बळावू शकतो.

तुमच्या पुढच्या जहाजापुरते सांगायचे तर जुन्या दोन अहवालांतली आरएनएल आधी प्रत्येकाच्या स्वतःच्या ड्राफ्टनुसार स्रोतपातळीत बदला, मग एकाच वेगावर आणा. कॅव्हिटेशनच्या बँडमध्ये उरलेला फरक ३ डेसिबलच्या आत आला तर ते जहाज आधार म्हणून घ्या आणि नव्या प्रोपेलरचा फक्त बदल बोगद्यातून काढा. एकाच बोगद्यात जुना व नवा दोन्ही प्रोपेलर तपासले तर निरपेक्ष आकड्यातल्या बऱ्याच चुका वजाबाकीत जातात. आयएमओने २०२३मध्ये सुधारलेली मार्गदर्शक तत्त्वे (एमईपीसी.१/परिपत्रक ९०६) ऐच्छिक आहेत, त्यामुळे बंधन येईल ते करारातूनच. करारात लिहा: आरएनएल की स्रोतपातळी, कोणता बँड, कोणता ड्राफ्ट व ट्रिम (पुढच्या-मागच्या ड्राफ्टमधला फरक), कोणती शाफ्ट-पॉवर, कोणते जनरेटर चालू, पाण्याची किमान खोली, वाऱ्याची कमाल मर्यादा, आणि मोजणीची अनिश्चितता मर्यादेच्या कोणत्या बाजूला धरायची. बहुतेक नवी जहाजे चाचणीला बॅलास्टमध्येच जातात. भरलेल्या अवस्थेची हमी हवी असेल तर पहिल्या मालवाहू सफरीत दुसरी मोजणी करण्याची तरतूद आणि तिचा खर्च कोणाचा, हेही त्याच कलमात घाला.